६० जणांचा ग्रुप फोटो दर वेळी बिघडतो? आधी हे तपासा

जानेवारी-फेब्रुवारीत दहावीचे निरोप समारंभ, मग लग्नसराईत 'सगळ्या भावकीचा एक घ्या हो', आषाढाच्या आधी दिंडीतल्या मंडळींचा एक आणि दिवाळीच्या सुट्टीत माजी विद्यार्थ्यांचे मेळावे. तालुक्याच्या गावात स्टुडिओ चालवायचा म्हणजे वर्षभर कुठल्या ना कुठल्या मैदानावर ५०-६० माणसं रांगेत उभी करायची. त्यातले निम्मे फोटो मी काढलेले असतात. उरलेले कुणाच्या तरी भाच्याने नव्या कॅमेऱ्यावर काढलेले असतात आणि ते माझ्याकडे येतात ते 'जरा नीट होतंय का बघा' म्हणून. दुरुस्तीला आलेल्या फोटोंमध्ये तेच सात-आठ बिघाड आलटून पालटून दिसतात. कॅमेरा बदलून त्यातला एखादाच सुटतो. बाकीचे फुकटात सुटतात.

यातलं तुमच्या फोटोत काय दिसतं ते आधी बघा:

- मोबाईलवर बरा दिसतो, झूम केलं की चेहरे फाटतात.
- पुढची रांग लख्ख (स्पष्ट), मागची आउट (धूसर). किंवा उलट: मागची भिंत लख्ख आणि माणसं आउट.
- काहीच धड आउट नाही, पण सगळंच मऊ, जणू काचेवर वाफ धरली आहे.
- डोळ्यांच्या जागी काळे खड्डे, नाक आणि कपाळ चमकतंय.
- पांढरे सदरे-टोप्या घातलेली माणसं, पण चेहरे काळे, ओळखू येत नाहीत.
- दोन्ही टोकांची माणसं उगाच रुंद.
- कुणाचे डोळे मिटलेले, कुणी समोरच्याच्या फेट्यामागे गायब.
- फोटोची एकच बाजू मऊ, दर वेळी तीच.

आता क्रमाने. आधीच्या पायऱ्यांना पैसे लागत नाहीत, शेवटच्यांना लागतात. म्हणून क्रम सोडू नका.

मूळ फाईल बघताय का?

'फोटो फाटतो' म्हणून येणाऱ्यांना मी पहिलं विचारतो: हा फोटो तुमच्याकडे आला कसा? बहुतेक वेळा उत्तर व्हॉट्सॲप. तिथे नेहमीच्या पद्धतीने पाठवलेला फोटो लहान होऊन पोचतो, आणि एकट्या माणसाच्या फोटोत ते कळतसुद्धा नाही. ग्रुपमध्ये का कळतं, त्याचा हिशेब सोपा आहे. १५ जणांची रांग साधारण साडेसात मीटरच्या चौकटीत बसते. २४ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यात ही रुंदी ६००० पिक्सेलांवर पसरते. म्हणजे १५ सेंटीमीटर रुंदीच्या चेहऱ्याला जेमतेम १२० पिक्सेल मिळतात. हाच फोटो १६०० पिक्सेलांवर उतरला तर त्या चेहऱ्याला ३२ उरतात. ३२ पिक्सेलांत नाक कुठे संपतं आणि मिशी कुठे सुरू होते ते कसं कळणार?

मूळ फाईल मागवा. 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवायला सांगा, नाहीतर ड्राइव्हवर टाकायला सांगा. १२ बाय १८ इंची प्रिंटला ६००० पिक्सेल म्हणजे इंचाला ३३३ पडतात, चोख निघते. १६०० म्हणजे इंचाला ८९. तो फोटो फ्रेम करून शाळेच्या ऑफिसात लावला की पुढची २० वर्षं प्रत्येक शिक्षक त्याच्याकडे बघून चष्मा पुसत राहणार. दुरुस्तीला आलेल्यांपैकी कितीतरी जण या पायरीवरूनच परत जातात, आणि मी त्यांच्याकडून पैसे घेत नाही.

लेन्स पुसली का? मोड कुठला होता?

सगळंच मऊ दिसत असेल आणि उजेडाभोवती पांढुरकं वलय असेल तर बोटाचा डाग असतो. मोबाईलची लेन्स दिवसभर तळहाताला आणि खिशाला घासते. लग्नात तर जिलेबीच्या पाकालाही. सुती, स्वच्छ, कोरडं फडकं घ्या. शर्टाचं टोक नको, त्यात धुळीचे कण असतात. कॅमेऱ्याच्या लेन्सवर स्वस्तातला फिल्टर चढवला असेल आणि सूर्य समोरून येत असेल, तर तो फिल्टर काढून एक फोटो घेऊन बघा.

मोबाईलवर पोर्ट्रेट मोड चालू राहिलेला असतो, तेही बघा. तो मोड 'मागचं सगळं धूसर करायचं' एवढंच जाणतो, आणि चौथी रांग त्याच्या लेखी मागचं सगळं असते. एका बारशाच्या फोटोत त्याने आजीचा अर्धा कान पार्श्वभूमीत ढकलला होता. हा धूसरपणा मागाहून पुसायची सोय काही फोनमध्ये असते, पण मूळ फाईल असेल तरच.

मग फोटोत लख्ख काय आहे ते शोधा

ही पायरी बहुतेक जण गाळतात. 'आउट आलाय' म्हणताना माणूस फक्त जे बिघडलं तेच बघतो. मी उलटं करतो. संगणकावर फोटो पूर्ण मोठा करतो आणि त्यात चांगलं काय आलंय ते शोधतो. रोगाचं नाव तिथेच कळतं.

पुढचं गवत किंवा सतरंजीची किनार लख्ख असेल तर फोकस पुढे पडलाय. मागच्या भिंतीवरचा सुविचार वाचता येतोय आणि माणसं धूसर आहेत, तर दोन डोक्यांच्या फटीतून फोकस मागे निसटलाय. कुठेच काही लख्ख नाही आणि बारीक चमकणाऱ्या ठिपक्यांच्या, म्हणजे बटणं, कानातले यांच्या एकाच दिशेला रेघा झाल्यात, तर हात हलला. सगळे लख्ख आणि एकटा बंड्या दुहेरी, तर बंड्या हलला. मध्यभाग लख्ख आणि चारही कोपरे मऊ, तर लेन्सचं उजेड आत घेणारं भोक (ॲपर्चर) पूर्ण उघडं होतं. एकच बाजू मऊ असेल तर शेवटच्या भागाकडे या.

आता एक समज मोडायचा आहे. मागची रांग आउट आली की जो तो सांगतो, 'ॲपर्चर बंद कर, एफ/१६ ठेव' (एफचा आकडा मोठा तेवढं भोक बारीक). पाच जणांच्या कुटुंबाला जवळून, ५० मिलिमीटर लेन्सवर एफ/१.८ ठेवून काढलंत तर हे बरोबर आहे. छोट्या सेन्सरच्या कॅमेऱ्यावर पाच-सव्वापाच मीटरवरून लख्ख पट्टा पुढून मागे जेमतेम ८० सेंटीमीटरचा मिळतो, दुसरी रांग त्यात मावत नाही. पण ६० जण चौकटीत बसवायला तुम्ही ३५ मिलिमीटर लेन्स घेऊन ११ मीटर मागे जाता, आणि मागे गेलं की हा पट्टा आपोआप लांबतो. एफ/२.८ वरसुद्धा साधारण साडेसात मीटरपासून वीस मीटरच्या पुढपर्यंत सगळं चालण्याजोगं लख्ख येतं. चार रांगांची खोली असते अडीच मीटर. म्हणजे मोठ्या ग्रुपात मागची रांग जाते ती ॲपर्चरमुळे क्वचितच. फोकस भलतीकडे बसला म्हणून, नाहीतर शटर हळू होतं (जास्त वेळ उघडं राहिलं) म्हणून जाते. आणि एफ/१६-एफ/२२ वर नेलं की शटर आणखी हळू होतं, शिवाय इतक्या बारीक भोकातून प्रकाश पसरतो आणि अख्खा फोटोच मऊ होतो. औषधानेच दुखणं वाढवायचा हा प्रकार.

सूर्य आणि जागा

सेटिंग्जना हात लावण्याआधी जमिनीकडे बघा. तुमची सावली तुमच्या उंचीपेक्षा आखूड पडत असेल तर सूर्य ४५ अंशांच्या वर आहे. भुवयांची सावली डोळ्यांत पडणार, काळे खड्डे येणार. मे महिन्याच्या मध्यावर तर पुण्या-मुंबईकडे भर दुपारी सावली पायाखालीच येते, शून्य सावली दिवस म्हणतात तो. आणि लग्नाचा मुहूर्त नेमका साडेबाराचा! त्या वेळी उघड्या लॉनवर भावकीचा फोटो काढू नका. साडेपाचपर्यंत थांबा. थांबणं शक्य नसेल तर इमारतीची सावली गाठा.

शाळेचा फोटो डिसेंबर-जानेवारीत असतो, तेव्हा सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो. इमारतीच्या उत्तरेच्या अंगाला भर दुपारीही सावली मिळते. डिसेंबरअखेर दुपारी १२ च्या सुमाराला आठ मीटर उंच इमारतीची सावली उत्तरेला सात मीटरपर्यंत पसरते. चार रांगा आरामात मावतात. मी शाळेत गेलो की मुख्याध्यापकांना भेटण्याआधी शिपाईमामांना विचारतो, 'मामा, अकरा वाजता सावली कुठे असते?' त्यांना ते पाठ असतं, कारण त्यांची खुर्ची रोज तिच्याबरोबर सरकत असते.

दोन गोष्टी सांभाळा. सगळे सावलीत पाहिजेत, आणि मागची भिंतसुद्धा. चौथी रांग उन्हात आणि तीन सावलीत हा सगळ्यात वाईट प्रकार. तो मागाहून कुणालाच सुधारता येत नाही, मलाही नाही. दुसरं, झाडाखालची सावली दिसायला छान असते, पण कडुलिंबाखाली कवडसे पडतात आणि सरांच्या गालावर रुपयाएवढा पांढरा ठिपका येतो. गर्द वड असेल तर ठीक. नाहीतर भिंतच बरी.

सावलीच नाही, असं मैदान असेल तर सूर्य लोकांच्या पाठीमागे घ्या. समोरून घेतलात तर ६० जण डोळे बारीक करून उभे राहतात आणि फोटो पोलिसांनी पकडून आणल्यासारखा येतो. पाठीमागे घेतल्यावर आभाळ पांढरं पडतं, म्हणून मागे झाडांची गडद रांग येईल असं उभं करा आणि लेन्सवर थेट ऊन पडू नये म्हणून कुणाला तरी वहीची सावली धरायला सांगा. कॅमेऱ्यावरच्या छोट्या फ्लॅशवर विसंबू नका. १२ गाईड नंबरचा (हा फ्लॅशच्या ताकदीचा आकडा) फ्लॅश आयएसओ (सेन्सरची उजेडाची संवेदनशीलता) १०० आणि एफ/८ वर दीड मीटर पोचतो. आयएसओ ८०० केलं तरी सव्वाचार. ११ मीटरवर तो फक्त 'फोटो काढला' एवढी वर्दी देतो.

पांढरे कपडे, काळे चेहरे

दिंडीतल्या ४० वारकऱ्यांचा फोटो: पांढरी धोतरं, पांढरे सदरे, पांढऱ्या टोप्या. कॅमेऱ्यातलं उजेड मोजणारं मीटर समोरचं सगळं मध्यम करड्या उजेडाचं धरून चालतं. एवढं पांढरं दिसलं की त्याला वाटतं ऊन फार झालं, आणि ते फोटो गडद करतं. टोप्या करड्या, चेहरे काळे. एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (फोटो उजळ-गडद करायची सोय) अधिक ०.७ पासून अधिक १ पर्यंत न्या. मोबाईलवर चेहऱ्यावर बोट दाबून धरा आणि शेजारचा सूर्याच्या खुणेचा दांडा जरा वर सरकवा. टोप्यांची घडी दिसेनाशी झाली की जास्त झालं असं समजा.

गडद पार्श्वभूमीवर निळ्या गणवेशाची मुलं असतील तर हेच उलटं. तेव्हा उणे करा.

इथेच चष्म्यांचंही सांगतो. बाहेरच्या उजेडात आपोआप काळे होणारे चष्मे अनेकांकडे असतात, आणि ते घालणारे नेमके मधल्या खुर्च्यांवर बसतात. फोटोत सरांच्या डोळ्यांवर गॉगल. मी रांगा लागेपर्यंत ते चष्मे खिशात ठेवायला सांगतो आणि अगदी शेवटी घालायला लावतो. काच काळी व्हायला अर्धं-एक मिनिट लागतं, तेवढ्यात माझं काम झालेलं असतं. साध्या चष्म्यावर आभाळ चमकत असेल तर हनुवटी बोटभर खाली.

रांगा

नेहमीची मांडणीच बरी: पहिली रांग सतरंजीवर मांडी घालून, दुसरी खुर्च्यांवर, तिसरी उभी, चौथी बाकांवर. रांगांमधलं अंतर कमी करा. माणसं आपणहून हातभर मागे सरकतात, त्यांना पुढच्याच्या खांद्याला लागेल एवढं जवळ बोलवा. लग्नात फेटेवाल्यांना मागे किंवा टोकाला घ्या. पहिल्या ओळीतला एक कोल्हापुरी फेटा मागची दोन माणसं गिळतो.

चेहरा लपलाय का हे तुम्ही कॅमेऱ्यातून बघण्यापेक्षा त्यांनाच विचारा. 'मावशी, तुम्हाला दोन्ही डोळ्यांनी कॅमेरा दिसतोय का?' एका डोळ्याने दिसत असेल तर फोटोत अर्धा चेहरा येणार. एवढं एक वाक्य प्रत्येक रांगेला म्हटलं की 'मी कुठे दिसतच नाही' ही कायमची तक्रार बंद होते. लग्नानंतर सहा महिने ती तक्रार कोण ऐकतं? फोटोवालाच ऐकतो.

कॅमेरा जरा उंच घ्या. मजबूत टेबलावर किंवा व्हरांड्याच्या पायऱ्यांवर उभं राहिलं तरी मागची डोकी मोकळी होतात, गळ्याखालच्या सावल्या कमी होतात. शाळेला पहिल्या मजल्याची गॅलरी असेल आणि तिच्यासमोरच सावली असेल तर चौथ्या रांगेला बाकही लागत नाहीत.

बाकावर बाक मात्र चढवू नका. एकदा मी चढवू दिले, कारण पाचवी रांग हवी होती. वरचा बाक सरकला, दोन मुलं खरचटली. नशीब, तेवढ्यावर भागलं. तेव्हापासून कुणीही सांगितलं तरी मी ऐकत नाही. माणसं जास्त असली की रांग रुंद करायची किंवा दोन फोटो काढायचे.

टोकाची माणसं रुंद दिसतात त्याला कारण जवळून, रुंद लेन्सने काढणं. मोबाईलच्या ०.५ झूमवर चुकूनही काढू नका. साध्या १ वरसुद्धा चौकटीच्या अगदी काठावरचा चेहरा साधारण पाव पट रुंद होतो. २ वर ठेवून दुप्पट मागे गेलात तर हाच ताण सहा-सात टक्क्यांवर येतो आणि कुणाच्या लक्षातही येत नाही. जागा कमी असेल तर दोन्ही बाजूंना माणसाएवढी मोकळी जागा सोडून काढा आणि नंतर कापा.

अर्धवर्तुळात उभं करायचा सल्ला सगळीकडे मिळतो, 'म्हणजे सगळे सारख्या अंतरावर येतात आणि फोकस होतात.' मला तो पटत नाही. लेन्सचा फोकस भिंतीसारख्या सपाट पट्ट्यात बसतो, त्यामुळे सरळ रांग त्यात नीट बसते. टोकं पुढे ओढली की ती माणसं उलट आणखी मोठी दिसतात. मी सरळ रांग ठेवतो आणि टोकाच्या दोघा-तिघांना फक्त खांदे आत वळवायला सांगतो.

आता सेटिंग्ज

सावलीत माझे आकडे ठरलेले आहेत: एफ/८, शटर १/२०० सेकंद, आयएसओ ८००. तिथून उजेडाप्रमाणे थोडं इकडेतिकडे. एफ/८ का, तर बहुतेक लेन्सचे कोपरे तिथे चांगले येतात. १/२०० का, तर माणूस उभा असला तरी डुलतो, लहान मुलं तर खाजवतातच. कॅमेरा स्टँडवर असला म्हणून शटर १/३० ठेवता येत नाही, स्टँड कॅमेऱ्याला धरतो, बंड्याला नाही. आयएसओ ८०० चे कण प्रिंटमध्ये दिसत नाहीत. हललेला चेहरा दिसतो.

फोकसचा चौकोन कॅमेऱ्याच्या मर्जीवर सोडू नका. अनेकदा तो सगळ्यात जवळचं पकडतो, म्हणजे सतरंजीवरच्या मुलाचा गुडघा. एकच चौकोन निवडा, तो दुसऱ्या रांगेच्या मधल्या चेहऱ्याच्या डोळ्यावर ठेवा, फोकस झाला की लॉक करा. पुढच्यापेक्षा मागे लख्खपणा जास्त पसरतो, म्हणून दुसरी रांग.

एक फोटो घ्या आणि कुणालाही हलू न देता पडद्यावर मोठा करून पाच ठिकाणी बघा: मधोमध आणि चारही टोकांचे चेहरे. याला २० सेकंद लागतात. लोक कुरकुरतात, कुरकुरू द्या. घरी गेल्यावर कळलं तर ते ६० जण पुन्हा एकत्र येत नाहीत.

मिटलेले डोळे

यावर ऑस्ट्रेलियातल्या सीएसआयआरओ या वैज्ञानिक संशोधन संस्थेतल्या निक स्वेन्सन आणि पिअर्स बार्न्स यांनी हिशेब मांडला होता आणि त्याला २००६ चं गणिताचं इग नोबेल (आधी हसवणाऱ्या, मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाचं बक्षीस) मिळालं. २० पेक्षा कमी माणसं असतील तर चांगल्या उजेडात माणसांच्या संख्येला ३ ने भागा, कमी उजेडात २ ने. तेवढे फोटो काढलेत की एकात तरी सगळ्यांचे डोळे उघडे असण्याची जवळपास खात्री. पण माणसं ५० च्या घरात गेली की एकाच फोटोत सगळ्यांचे डोळे उघडे मिळण्याची आशा सोडा, असंही त्याच हिशेबातून निघतं. माझा अनुभवही तोच आहे.

म्हणून दोन गोष्टी करायच्या. एक, 'सगळे डोळे मिटा, तीन म्हटलं की उघडा.' उघडल्यावर लगेच पुन्हा मिटायला थोडा वेळ जातो. तेवढ्यात सलग पाच-सहा फोटो. 'झालं' म्हटल्यावर अजून दोन घ्या, कारण खरं हसू तेव्हाच येतं. दुसरं, कॅमेरा स्टँडवर, एक्स्पोजर आणि फोकस हाताने बांधलेला, असे १२-१५ फोटो जमवा. मग एकाच चौकटीतले दोन फोटो एकावर एक ठेवून मिटलेल्या डोळ्यांच्या जागी उघडे बसवता येतात. गिंपसारख्या फुकट प्रोग्रॅममध्येही हे होतं: वरचा थर, मास्क, मऊ ब्रश. तीन-चार चेहरे बदलणं तासाभराचं काम. हातात धरून काढलेल्या फोटोंमध्ये मात्र चौकट जुळत नाही आणि कॉलरी दुहेरी दिसतात. म्हणून स्टँड. तो फक्त जड लेन्सवाल्यांसाठी असतो असं नाही.

आदल्या वर्षीच्या फोटोतलं डोकं आणून यंदाच्या खांद्यावर बसवायला सांगणारेही येतात. मी नाही म्हणतो.

दर वेळी एकच बाजू मऊ

आता खर्चाकडे येतो. आधी खात्री करा की दोष लेन्सचाच आहे. विटांची सपाट भिंत शोधा, कॅमेरा स्टँडवर तिच्यासमोर अगदी समांतर लावा, एफ/४ ला एक फोटो घ्या. मग कॅमेरा उलटा, खालचा भाग वर करून, तोच फोटो घ्या. आधी भिंतीची डावी बाजू मऊ होती आणि आता उजवी झाली, म्हणजे मऊपणा कॅमेऱ्याबरोबर फिरला. आतली काच सरकली आहे, लेन्स बहुधा कधीतरी पडली असेल. मऊपणा भिंतीच्या त्याच बाजूला राहिला तर कॅमेरा तिरका लागला होता, लेन्स ठणठणीत आहे.

कोकणात आणि पावसाळ्यात सगळीकडेच दुसरं दुखणं असतं, बुरशी. लेन्समधून टॉर्च मारून बघा. आत कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू दिसले तर तीच.

इथे थांबा

सरकलेली काच आणि बुरशी, दोन्ही बाबतींत लेन्स घरी उघडू नका. स्क्रू निघतात, पण काच पुन्हा त्याच जागी बसवायला लागणारं यंत्र माझ्याकडेही नाही. दुरुस्तीवाल्याकडे द्या, आणि आधी अंदाज विचारा. स्वस्त किट लेन्सची (कॅमेऱ्याबरोबर येते ती) दुरुस्ती कधीकधी जुन्या बाजारातल्या दुसऱ्या लेन्सपेक्षा महाग पडते.

फोटो कार्डावरून उडाले असतील तर त्या कार्डावर आणखी एकही फोटो काढू नका, फॉरमॅट करू नका. कार्ड काढून जाणकाराकडे न्या. वर नवं काही लिहिलं गेलं नसेल तोवर ते परत मिळायची शक्यता चांगली असते.

माणसं १०० च्या वर गेली की कामाचं स्वरूप बदलतं. उंच जागा, माणसं लावायला दोन मदतनीस, आवाज पोचवायला माइक. तिथे भाच्याच्या भरवशावर राहू नका. ड्रोनने वरून काढायचं असेल तर २०२१ च्या ड्रोन नियमांखाली नोंदणी आणि तिथली हवाई हद्द हिरवी, पिवळी की लाल हे बघावं लागतं. लोकांच्या डोक्यावर उडवायची जोखीम असते ती वेगळीच. कागदपत्रं असलेल्या माणसालाच द्या. आणि ऐन दुपारी, सावलीशिवाय, वेळ बदलता येत नाही असं काम असेल तर मोठे बॅटरीवरचे फ्लॅश असणारा माणूस बोलवा. त्याला पर्याय नाही.

बोलावताना फोनवर 'एक ग्रुप फोटो आहे' एवढंच सांगू नका. किती माणसं, किती वाजता, इमारतीचं तोंड कुठल्या दिशेला, बाक किती आहेत आणि किती डुगडुगतात, वयस्कर किती जण उभे राहू शकणार नाहीत, प्रिंट केवढी हवी, हे सांगा. फोटोवाला यातलं काहीच विचारत नसेल आणि थेट दर सांगत असेल, तर दुसऱ्याला फोन लावा.